उशाकडची भिंत

मी शाळेत ग्रंथपाल आहे. मागच्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीचे वडील माझ्या टेबलापाशी आले, नव्या पुस्तकांची यादी वाचल्यासारखं करत थोडा वेळ थांबले आणि मग हळूच म्हणाले, "सर, तुम्हाला टी.बी. झाला होता ना? माझ्या धाकट्या भावाला निघालाय. पुढं काय काय होतं, जरा सांगाल का?"

मी म्हटलं, लिहून देतो. दोन पानांत होईल असं वाटलं होतं. दोन महिने झाले, अजून लिहितोच आहे. औषधांची नावं डॉक्टर सांगतील, ती मी लिहिणार नाही. बाकीचं लिहायला बसलो की कुंदाबद्दल लिहावं लागतं, आणि तिथं हात हळू चालतो.

छातीचा फोटो

कुंदा माझी बायको. १९७५ च्या श्रावणात ती काविळीनं गेली. पाच दिवस आजारी होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

त्यानंतर मी बारीक होत गेलो. जेवण जाईना. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, मानेला घाम यायचा, मग खोकला सुरू झाला. माझा मोठा भाऊ म्हणायचा, "मनाला लावून घेतलंयस तू." शाळेतले लोक समजूतदारपणे माझं काम हलकं करायचे. मलाही तेच कारण पटलं होतं. शिवाय आमच्या भिवंडीत खोकणाऱ्याकडं कुणी वळून बघत नाही, निम्मं गाव लूमवर कापसाचे तंतू गिळत असतं. जानेवारीत रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा मी छातीचा फोटो काढायला गेलो.

म्हणून पहिली गोष्ट ही. घरात कुणी गेलं असेल आणि मागं राहिलेला माणूस झिजत असेल, तर त्याला थर्मामीटर लावून बघा. माझे पाच महिने त्यात वाया गेले.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या बाजूला वरती धुकं होतं. ते म्हणाले, "थुंकीत जंतू आहेत. अठरा महिने औषध घ्यावं लागेल, त्यातले सहा-सात महिने सुया. मधे सोडलंत तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेव्हा औषध लागू पडेलच असं नाही."

मी विचारलं, "घेतलंच नाही तर?"

त्यांना वाटलं मी घाबरलोय, म्हणून ते धीर देत राहिले. मी घाबरलो नव्हतो. बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. आपोआप संपणार असेल तर आपल्याला काही करायला नको, असा तो विचार होता. हे मी कुणाला बोललो नाही. ज्याला अठरा महिने गोळ्या गिळायच्या आहेत त्याला जगायचं आहे की नाही, हे आधी विचारायला हवं. ते कुणी विचारत नाही.

वॉर्ड

दोन महिने मी इस्पितळात होतो. वीस खाटा, प्रत्येक खाटेखाली थुंकीसाठी झाकणाचा एक डबा. पहाटे ताप बघायचे, मग चहा, मग सुई. सुईच्या वेळी सगळा वॉर्ड एकाच वेळी कुशीवर वळायचा. दुपारी सक्तीची विश्रांती. वाचायला परवानगी होती, पण पुस्तक छातीवर ठेवायचं नाही.

शेजारच्या खाटेवर रहमतचाचा होते. वीस वर्षं लूम चालवलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मास्टरजी, यहाँ आपको नींद आती है? मुझे तो नहीं आती. इतना सन्नाटा है कि कान दुखते हैं." दुपारी ते बोटांनी खाटेच्या लोखंडावर खटक-खटक असा ताल धरायचे आणि त्यावर त्यांना झोप लागायची. समोरचा म्हातारा ओरडायचा, "चाचा, शिफ्ट संपली, मशीन बंद करा."

मी गोळ्या उशीखाली सरकवतो हे चाचांनी तिसऱ्या दिवशी पाहिलं. सिस्टरला सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "बीवी के पास जाने की इतनी जल्दी है? वहाँ पहुँचोगे तो वो पहली बात यही पूछेगी, दवा पूरी की थी?"

कुंदानं खरंच तेच विचारलं असतं. मी त्या दिवसाच्या गोळ्या घेतल्या. पण दुसऱ्याच्या बोलण्यावर माणूस फार तर महिनाभर गोळ्या घेतो. चाचांना माझ्याआधी घरी सोडलं आणि माझा तो आधार गेला.

ताट

भावाचं घर दोन खोल्यांचं. भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. मार्चच्या सुरुवातीला घरी आलो, तर माझं ताट-वाटी-भांडं वेगळं ठेवलेलं होतं, मोरीपाशी एका फळीवर. वहिनी ते उकळत्या पाण्यानं धुवायच्या. मुलं दारातून माझ्याकडं बघायची आणि आईनं हाक मारली की पळायची.

मला याचं वाईट वाटलं, आणि वहिनींचं काही चुकत नव्हतं हेही कळत होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. त्या कडक होत्या खऱ्या. कुंदा डावखुरी. पंक्तीत वाढताना तिचा डावा हात आधी पुढं यायचा, म्हणून पहिली दोन वर्षं वहिनींनी तिला वाढायला दिलं नव्हतं. पण शेवटच्या पाच दिवसांत कुंदाचं सगळं त्यांनीच केलं होतं. आता त्यांना स्वतःच्या मुलांची भीती वाटत होती. एके दुपारी भांडं धुता धुता त्या म्हणाल्या, "भावजी, रागावू नका. मला काही सुचत नाही."

त्याच आठवड्यात मामी आल्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, कुंदाच्या आई. आमच्यात जावई सासूला मामी म्हणतो. वज्रेश्वरीच्या अलीकडं एका खेड्यात त्या एकट्या राहायच्या. मामा केव्हाच गेलेले, कुंदा एकुलती एक. थोडी भातशेती आणि एक म्हैस. त्या एस.टी.नं आल्या, पाणी प्यायल्या आणि भावाला म्हणाल्या, "मास्तरांना घेऊन जाते. तिकडं हवा मोकली हाय."

वहिनी चाचरत म्हणाल्या, "पण मुलगीच नाही, आणि जावई सासूच्या घरी... लोक काय म्हणतील?"

"लोकांकडं जादा खाट हाय का?" मामींनी विचारलं. "न्हाय ना? मंग."

मधली खोली

मामींचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली, वरून शेणाचं सारवण. मला मधली खोली दिली. खोलीच्या तीन भिंती नुकत्याच सारवलेल्या, ओलसर हिरवट. खाटेच्या पायथ्याकडची चौथी भिंत तेवढी जुनी होती. तिचा रंग उडून राखाडी झाला होता आणि तिच्यावर हातानं सारवताना बोटांच्या उमटलेल्या कमानी होत्या, एकीवर एक, छतापासून जमिनीपर्यंत.

ही भिंत कुणाची ते मला पाहताक्षणी कळलं, किंवा कळलं असं वाटलं. त्याचं कारण सांगतो. मरण्याआधीच्या दिवाळीत कुंदा माहेरी गेली होती. तिथून तिनं मला पोस्टकार्ड टाकलं होतं, त्यात एक ओळ होती : "मधल्या खोलीची एक भिंत मी एकटीनं केली, आई बघतच राहिली." ती गेली त्या वर्षी सण नव्हता, म्हणून दिवाळीत घर सारवलं नव्हतं. आता मी येणार म्हणून मामींनी सारवलं, पण तीनच भिंती. लेकीचा हात झाकायला मन झालं नसणार.

मी मामींना काही विचारलं नाही. खाटेवर पडून त्या भिंतीकडं बघत राहायचो. वाचणं सुटलं होतं. एखाद्या कमानीवर नजर ठेवायची, ती जिथं दुसरीखाली जाते तिथून पुढची धरायची. दिवस जायचा.

मात्र जुनं सारवण वाळून सुटत होतं. पाल फिरली तरी पोपडे पडायचे, वारा आला की बारीक धूळ. माझा खोकला वाढला. वज्रेश्वरीच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर एकदा गावात फिरतीवर आल्या, तेव्हा त्यांनी खोली पाहिली आणि म्हणाल्या, "ती भिंत एक तर सारवा, नाही तर यांची खाट हलवा. ही धूळ छातीला चांगली नाही."

त्या संध्याकाळी मामींनी शेण कालवायला घेतलं. मी म्हटलं, "राहू द्या, मामी. मला काही त्रास नाही."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि हात धुतले.

एक वीत

सुईसाठी एक दिवसाआड एस.टी.नं वज्रेश्वरीला जायचं होतं. एप्रिलमध्ये मी चुकवायला लागलो. सुईनं डोकं गरगरायचं, कानात बारीक आवाज यायचा. ही कारणं खरी होती. त्याहून खरं हे की मला त्या भिंतीसमोर पडून राहायचं होतं. मी स्टँडवर जाऊन बसायचो, दोन बसगाड्या जाऊ द्यायचो आणि परत यायचो. तीनदा असं केलं. चौथ्या वेळी सिस्टरनी कंडक्टरबरोबर मामींना निरोप पाठवला.

मामींनी मला आरडाओरडा करून काही विचारलं नाही. अंगणात शेणकाल्याचं घमेलं घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, बसा. हात द्या."

"कशाला?"

"शाळा शिकवायची हाय तुमाला."

त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात बोटानं एक वीत लांब, एक वीत रुंद असा तुकडा आखला. "हा सारवा. येवढाच. सुई घेऊन आलात की येक वीत. सुई न्हाय घेतली तर अंगन न्हाय."

"आणि पूर्ण अंगण व्हायला किती दिवस लागतील?"

"तुमाला कुठं जायाचं हाय?"

एक वीत म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं. मला अर्धा तास लागला, आणि उठलो तेव्हा धाप लागली होती. मामींनी बघितलं आणि म्हणाल्या, "म्हशीनं बरं केलं असतं."

पण पुढच्या खेपेला मी सुई घेऊन आलो. खरं कारण सांगायचं तर मला तो पहिला तुकडा सुधारायचा होता. माणूस आधी अशाच फालतू कारणानं टिकतो, मोठी कारणं मागून येतात.

हळूहळू मी शिकलो. नुसतं शेण भेगाळतं, त्यात माती लागते. बांधाची काळी माती फार चिकट, टेकडाची तांबडी चरबरीत, ओढ्याच्या काठची पांढुरकी सगळ्यांत चांगली. मामी चिमूटभर माती दाताखाली धरून कच बघायच्या. मी तसं करायला गेलो तर म्हणाल्या, "तुमी नका. तुमच्या तोंडाला औषधाची चव हाय, तुमाला काय कळनार?" मी बोटांत चोळून बघायला शिकलो. माती चाळायची, तिच्यात मूठभर भाताचा कोंडा टाकायचा, पाणी थोडं थोडं घालायचं. मग हात टेकवायचा आणि कोपर न उचलता फिरवायचा. दम लागला की कमान मधेच थरथरते, ते लपत नाही. म्हणून एका श्वासात होईल तेवढीच कमान काढायची, मग थांबायचं, मग पुढची.

डॉक्टरांनी सांगितलेले श्वासाचे व्यायाम मला कधी जमले नव्हते. हे जमलं. नवा तुकडा गडद हिरवा असायचा, आधीचा फिका, त्याच्या आधीचा राखाडी. कोपऱ्यातून दाराकडं येणारी ती रांग बघून कुणीही सांगितलं असतं की मास्तरांनी किती सुया घेतल्या. शेजारच्या बाया येता-जाता थांबून बघायच्या. एक म्हणाली, "बयो, मास्तरांनी गोधडीच घातली की अंगनाला."

कोपर

मेच्या शेवटी मी दारापर्यंत पोचलो. तिथं एक दिवस तुकडा पुरा करून बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की माझ्या सगळ्या कमानींचा फुगवटा डावीकडं आहे. साधी गोष्ट आहे. उजव्या हातानं सारवताना कोपर उजवीकडं राहतं आणि पंजा त्याच्याभोवती फिरतो. दाराच्या दुसऱ्या बाजूचं मामींचं सारवण बघितलं. तेही तसंच. मग मी उरलेल्या काल्यात डावा हात बुडवून बाहेरच्या बाजूला एक वेडीवाकडी कमान ओढली. फुगवटा उजवीकडं आला.

मी उठून आत गेलो. पायथ्याकडच्या भिंतीवर एकूण एक कमानीचा फुगवटा डावीकडं होता.

कुंदा भाजी चिरायची डाव्या हातानं, कंदील पुसायची डाव्या हातानं, पोस्टकार्डही डाव्याच हातानं लिहायची. अडीच महिने मी जिच्याकडं बघत होतो, जिची धूळ खात होतो, ती भिंत तिची नव्हती.

मामी ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. मी जाऊन शेजारी बसलो.

"मामी, पायथ्याकडची भिंत कुणी सारवलेली?"

"मी. का?"

"मला वाटलं, कुंदानं. म्हणून तुम्ही ती ठेवलीत असं वाटलं."

त्यांचे हात थांबले. "मी कशाला ठेवीन? मी सारवत व्हते, तुमीच नको म्हनालात. मना वाटला, तुमाला तिच्यात काय दिसतंय. आजारी मानसाला बघायला कायतरी लागतं. म्हनून राहू दिली."

"मग कुंदाची कुठली?"

"तुमच्या उशाकडची."

"ती तर नवी आहे."

"वरनं नवी हाय." त्या पुन्हा पाखडायला लागल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "तुमी यायच्या आदल्या दिशी सारवली. आजारी मानूस येनार, घर नीट नको? तिचीच आधी केली. ती आधी केली नसती तर झालीच नसती. मंग बाकीच्या दोन केल्या. चवथीला हात वर जाईना."

सुपाचा आवाज चालू राहिला. माझ्यासाठी या बाईनं काय केलं होतं, ते मला तेव्हा कळलं. तिची एकुलती एक मुलगी या घरात जिथं उमटलेली शिल्लक होती, ती एकच जागा तिनं स्वतःच्या हातानं झाकली होती, मी तिथं नीट श्वास घ्यावा म्हणून. आणि मी स्टँडवर बसून बसगाड्या जाऊ देत होतो.

तांदूळ संपल्यावर मामी म्हणाल्या, "आता अंगन पुरे. ती चवथी करा. धूल लय खाल्ली."

ती मी सात खेपांत केली, वीत वीत न मोजता, दम पुरेल तेवढी. वरच्या भागासाठी मामींनी पाटावर पाट ठेवून दिले आणि खाली पाट धरून उभ्या राहिल्या. पावसाळ्याआधी ती पुरी झाली. त्यानंतर मी एकही सुई चुकवली नाही.

पुढचं थोडक्यात

सुया संपायला ऑगस्ट उजाडला. त्याआधीच थुंकीत जंतू सापडायचे बंद झाले होते. पुढच्या गोळ्या मी भिवंडीत घेतल्या, त्या ७७ च्या आषाढात संपल्या. फोटोत अजून एक पांढरा व्रण दिसतो, तो राहणारच आहे. कानातला आवाजही पूर्ण गेलेला नाही. वहिनींनी माझं ताट एके दिवशी न बोलता सगळ्यांच्या ताटांत ठेवलं. मुलं आता माझ्याकडून पुस्तकं नेतात.

तुमच्या भावाला सारवायला सांगा असं मी म्हणत नाही. त्याच्या जवळच्या माणसानं त्याच्यासाठी काय केलं आहे, ते त्याला बहुधा माहीत नसेल. एवढं त्याला कळेल असं बघा. आणि सुईच्या दिवशी घरी आल्यावर हातानं करण्यासारखं काही तरी ठेवा, लहान, एका श्वासात मावेल एवढं.

शेवटची सुई घेऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भिवंडीला निघालो. मामी स्टँडवर आल्या होत्या. कुंदा नाही, आजार गेला, आता या घराशी माझं नातं कशानं राहणार, हे मनात घोळत होतं. बस लागल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या भिंतीला दिवालीपत्तर पोपडे धरतील. हात कच्चा हाय तुमचा."

"हो."

"मंग या सारवायला. आता सुई न्हाय म्हनून चुकवू नका."

त्या दिवाळीला मी दोन दिवस आधीच गेलो. मामींनी शेण-माती कालवून ठेवली होती. मी विचारलं, "कुठून सुरू करू?" त्या घमेलं उचलून मधल्या खोलीत गेल्या आणि ते उशाकडच्या भिंतीपाशी ठेवलं. खालची बाजू त्यांनी धरली, वरची मी.